सड्याचा अभ्यास पावसाळ्यात करा: मूल्यांकन समित्यांवरील तज्ज्ञांना खुलं पत्र

प्रति,
पर्यावरणीय परवानगीसाठी प्रकल्पांचं मूल्यांकन करणाऱ्या केंद्रीय व राज्यस्तरीय समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य यांस,

स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या एका खाणीच्या जनसुनावणीचं कार्यवृत्त हाती आलं, म्हणून हे पत्र लिहितो आहे. त्या सुनावणीत मी बोललो होतो आणि लेखी निवेदनही दिलं होतं. निवेदनाला सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, वनस्पतींची यादी जोडली होती. कुठली वनस्पती कुठल्या महिन्यात दिसते ते लिहिलं होतं, तारीख आणि ठिकाण टाकून फोटो दिले होते. प्रकल्पाच्या अहवालातल्या यादीत यातलं काय नाही आणि का नसावं, हेही मांडलं होतं. कार्यवृत्तात या सगळ्याचं एक वाक्य झालं: स्थानिकांनी पर्यावरणाबद्दल काळजी व्यक्त केली. शेजारच्या रकान्यात प्रकल्पधारकाचं उत्तर आहे, की अभ्यास मान्यताप्राप्त तज्ज्ञ संस्थेकडून करून घेतलेला आहे. समितीला ते उत्तर पुरेसं वाटलं आणि विषय पुढे सरकला.

काळजी घरी बसूनही करता येते. सुनावणीत मी माहिती द्यायला गेलो होतो.

प्रकल्पाचं, कंपनीचं, सुनावणी घेणाऱ्या कार्यालयाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की वाद त्या एका फायलीपुरता होतो आणि बाकीच्या फायली सुखरूप निघून जातात. शिवाय माझं म्हणणं कुणा एकाबद्दल नाहीच. कोकणात आज जवळजवळ प्रत्येक सुनावणीत हेच घडतं. व्यासपीठावर बसलेले तज्ज्ञ, समोर बसलेले भावनिक. ही वाटणी आधीच झालेली असते आणि तुमच्यापर्यंत पोचणारा कागद त्या वाटणीनुसार लिहिलेला असतो.

आधी माझा संबंध सांगतो. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. पीएचडी केलेली नाही. आमची वाडी सड्याच्या पायथ्याशी आहे. आमच्या विहिरीचं पाणी सड्यावरून येतं, गुरं सड्यावर चरली, आणि मी विद्यार्थ्यांना जे काही दाखवू शकलो त्यातलं निम्मं सड्यावरच दाखवलं. पर्यावरणीय परवानगीबद्दलच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेच्या सहाव्या परिशिष्टात 'तज्ज्ञ' कोणाला म्हणावं ते दिलं आहे: पदव्युत्तर शिक्षण आणि त्या विषयातला पंधरा वर्षांचा अनुभव, किंवा पीएचडी आणि दहा वर्षांचा. त्या व्याख्येत मी कदाचित बसेनही. अध्यक्षपदासाठीची अट अधिक सैल आहे. पर्यावरण धोरणाचा जाणकार चालतो, तसाच व्यवस्थापनाचा किंवा प्रशासनाचा अनुभवी माणूसही चालतो. टवाळी म्हणून हे सांगत नाही. समिती चालवायला प्रशासन कळावं लागतं, हे मान्य. पण तज्ज्ञतेच्या बाबतीत नियम व्यासपीठावर इतका उदार असेल, तर समोरच्या खुर्च्यांकडे बघतानाही थोडी उदारता असावी.

आता तक्रारी. पहिली सगळ्यात मोठी आहे, तिच्यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

खाण प्रकल्पांना अभ्यासाची जी प्रमाणित कार्यकक्षा दिली जाते, तिच्यात मूळ स्थितीची माहिती एका हंगामात गोळा करावी आणि तो हंगाम पावसाळा नसावा, असं लिहिलेलं असतं. मार्च ते मे, किंवा ऑक्टोबर ते डिसेंबर, किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी. हवेच्या बाबतीत हे समजण्यासारखं आहे. पावसात धूळ बसते, मोजमाप फसवं येतं, म्हणून कोरडे महिने घ्यायचे. पण त्याच वाक्यात हवा, पाणी, आवाज, माती यांच्यासोबत वनस्पती आणि प्राणीही बसवले आहेत. धुळीसाठी केलेला नियम तेरड्यालाही लागू झाला आहे.

कोकणच्या सड्यावर याचा अर्थ काय होतो, हे ज्यांनी सडा फक्त गाडीतून पाहिला असेल त्यांच्यासाठी लिहितो. सडा म्हणजे जांभ्याचं पठार. माती बोटभर, कुठे तेवढीही नाही. वर्षातले सात-आठ महिने तिथे काळा, तापलेला कातळ आणि वाळलेलं गवत दिसतं. मे अखेरीस वळवाच्या सरी झाल्या की कातळाच्या भेगांमधून डिपकॅडी कोंकणेन्सची पांढरी फुलं वर येतात. ही वनस्पती कोकण पट्ट्याबाहेर सापडत नाही. नंतर पाऊस लागतो, खळगे भरतात, शेवाळं धरतं. श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांनी अख्खे पट्टे निळेजांभळे होतात. ही एवढीशी वनस्पती मुळाजवळच्या सूक्ष्म फुग्यांत किडे धरते, कारण कातळावर तिला नायट्रोजन दुसरीकडून मिळत नाही. तिच्या शेजारी पांढऱ्या गेंदांची दाटी, ओल्या कडेला दवबिंदू, तीही कीटकभक्षी. कवला उगवतो, ज्याची भाजी आमच्याकडे घरोघरी होते. मग गवतांची पाळी. ग्लायफोक्लोआ नावाची गवतांची एक प्रजाती आहे. ती जगात फक्त भारताच्या द्वीपकल्पात, आणि मुख्यतः अशा जांभ्याच्या पठारांवर आढळते. दसरा-दिवाळीपर्यंत हे सगळं फुलून, बी टाकून, वाळून गेलेलं असतं.

म्हणजे सड्यावरचं बहुतेक सगळं जीवन जून ते ऑक्टोबरमध्ये उरकतं. आणि त्यातले ऑक्टोबरखेरीज सगळे महिने अभ्यासातून वगळायचे, असा दंडक. मग अहवालात 'विरळ खुरटं गवत, काही झुडपं, दुर्मीळ प्रजाती आढळल्या नाहीत' असं येतं, त्यात खोटं काहीच नसतं. मे महिन्यात खाचरात उभं राहून इथे भात होत नाही असं लिहिणाराही खोटं लिहीत नाही.

सुनावणीत वाडीतल्या एका काकींनी हेच चार वाक्यांत सांगितलं. भात लावला की आमची गुरं सड्यावर जातात, तीन महिने त्यांचं पोट सड्यावर चालतं, तुम्ही उन्हाळ्यात येऊन काय बघितलंत, पावसात येऊन बघा. त्यांना विचारलं गेलं, की तुम्ही या विषयातल्या तज्ज्ञ आहात का. काकी खाली बसल्या. अहवालातल्या जैवविविधतेच्या प्रकरणावर त्या दिवशी घेतला गेलेला तो सगळ्यात नेमका शास्त्रीय आक्षेप होता: नमुने घेण्याचा काळ चुकला आहे. एखाद्या शोधनिबंधावर परीक्षकाने हा शेरा मारला असता तर निबंध परत गेला असता.

पाण्याचंही असंच. जांभा सच्छिद्र. पाऊस त्यातून आत मुरतो आणि खाली शेडीचा, म्हणजे चिकण मातीचा थर लागला की त्यावरून वाहत उताराला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. पायथ्याच्या वाड्यांच्या विहिरी, पऱ्ये, वहाळ यांना हेच पाणी. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिल-मे मध्ये टँकर येतात, यावरून ही व्यवस्था किती नाजूक आहे ते कळावं. बॉक्साइटची किंवा जांभ्याची खाण म्हणजे पाणी धरणारा तो थरच काढून नेणं. झरा कुठे आहे, कधी सुरू होतो, कधी आटतो, याच्या नोंदी कुठल्याही कार्यालयात नाहीत. त्या वाडीतल्या माणसांच्या डोक्यात आहेत, आणि विचारलं तर सांगतात. अहवालासाठी कुणी विचारलेलं नसतं. दहा किलोमीटरच्या परिघातल्या ठरावीक विहिरींचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत गेलेलं असतं, आणि तक्त्यात सामू, क्षारता, काठिण्य. सड्यावर खणल्यावर त्या विहिरीत पाणी राहील का, हा प्रश्न त्या तक्त्यात मावत नाही.

ही आंधळी जागा नुसत्या कार्यकक्षेत नाही. सातबाऱ्यावर सडा 'पोटखराब', म्हणजे लागवडीला निरुपयोगी. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात असे प्रदेश 'खडकाळ ओसाड' गटात. सह्याद्रीच्या माथ्यावरचं कासचं पठारही जांभ्याचंच. ते २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं, आज तिथे तिकीट काढून फुलं बघतात. आमचा सडा त्याच दगडाचा, पण खाली कोकणात आहे आणि त्याला कुंपण नाही.

दुसरी तक्रार: अभ्यास कोण करतं आणि पैसे कोण देतं. सल्लागार संस्था प्रकल्पधारक निवडतो, बिलही तोच देतो. या व्यवस्थेत प्रामाणिक माणसं नसतात असं मी म्हणत नाही. माझे काही विद्यार्थी अशा संस्थांसाठी सर्वेक्षणाला जातात. त्यांना मिळणारे दिवस आणि मिळणारी गाडी पाहिली की प्रामाणिकपणाला वाव किती, ते कळतं. पण याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात पक्ष्यांचा मुख्य अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्चची जंगलं आली होती, हे तुम्हा सर्वांना ठाऊक असेल. मजकूर रशियातल्या खाणीच्या अहवालातून उचललेला होता. त्यानंतर मान्यतेची पद्धत आली, संस्थांना प्रमाणपत्रं मिळू लागली. आता बर्च सापडणार नाही. पण आंबा, काजू, आईन, किंजळ अशी, कुठल्याही कोकणी गावाला लागू पडेल अशी यादी तालुक्यातालुक्यात फिरते आहे, आणि ती पकडणं अधिक अवघड आहे. स्प्रूस पकडायला वनस्पतिशास्त्र लागत नव्हतं. ही यादी पकडायची तर त्या सड्यावर पावसात गेलेला माणूसच लागतो.

तिसरी तक्रार तुमच्याच कामाबद्दल. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने गोव्यातल्या सांगे तालुक्यातल्या एका लोहखनिज खाणीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की जनसुनावणीत आलेल्या आक्षेपांचा समितीने विचार केला पाहिजे आणि ते का स्वीकारले किंवा का नाकारले याची कारणं दिली पाहिजेत. एकाच बैठकीत ढीगभर प्रकल्प निकालात काढण्याबद्दलही न्यायालयाने नापसंती दाखवली. त्या वेळच्या खाण समितीचे अध्यक्ष स्वतः खाण कंपन्यांच्या संचालक मंडळांवर असल्याचं याच प्रकरणात समोर आलं. मोपा विमानतळाच्या प्रकरणात २०१९ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी स्थगित करून फाईल पुन्हा समितीकडे धाडली, कारण मूळ अर्जात सभोवतालच्या जंगलांची माहितीच नीट दिली गेली नव्हती आणि समितीने ती विचारली नव्हती. पुढे २०२० मध्ये त्या प्रकल्पाला वाट मिळाली, तो भाग वेगळा. माझा मुद्दा एवढाच, की माहिती अपुरी आहे हे गावकऱ्यांना दिसतं, न्यायालयाला दिसतं, आणि ज्यांचं ते काम आहे त्या तज्ज्ञांच्या बैठकीत ते सुटतं. तुम्हाला कळत नाही असं मी मानत नाही. विचारायला तुम्हाला वेळ दिला जात नाही, आणि तुम्ही तो मागत नाही.

भाषेबद्दल थोडक्यात. शेकडो पानी अहवाल इंग्रजीत, मराठीत फक्त सारांश. ज्या पानावर पाण्याचा तक्ता आहे ते पान सारांशात नसतं. पर्यावरणीय परवानगीच्या २०२० च्या मसुदा अधिसूचनेचं भाषांतर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांमध्ये करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं तेव्हा केवढी खळखळ झाली ते आठवत असेल. लोकांना अहवाल वाचू द्यायचा नाही आणि मग ते अभ्यास न करता बोलतात असं म्हणायचं, हे बरं नव्हे.

चौथी तक्रार अटींची. शंका असली की परवानगी नाकारण्याऐवजी अट घातली जाते. जैवविविधतेचा सविस्तर अभ्यास करावा, भूजलाचा अभ्यास करावा, दुर्मीळ वनस्पतींचं पुनर्रोपण करावं. ज्या अभ्यासावर निर्णय अवलंबून आहे, तोच अभ्यास निर्णयानंतर. आणि सीतेच्या आसवांचं पुनर्रोपण कुठे करणार आहात? कातळ, पाऊस आणि ती इंचभर माती यांच्यासह उचलून?

अटींचा हा खेळ जुना आहे. केरळातल्या सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर धरण बांधायचं ठरलं तेव्हा १९७६ मध्ये तज्ज्ञांच्या कृतिदलाने प्रकल्प सोडून द्यावा असं सुचवलं. पण सोबत, करायचाच असेल तर पाळावेत असे सतरा संरक्षक उपायही लिहून दिले. राज्य सरकारने शिफारस बाजूला ठेवली आणि उपाय उचलले: आम्ही सगळे पाळू, आता परवानगी द्या. चांगल्या तज्ज्ञांनी चांगल्या हेतूने ठेवलेली फट पुरेशी झाली.

ती फट बुजवली कुणी, हे मला तुम्हाला विशेष सांगायचं आहे. एम. के. प्रसाद हे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे. केरळ शास्त्र साहित्य परिषद ही मल्याळममधून विज्ञान लोकांपर्यंत नेणारी संघटना. १९७९ मध्ये परिषदेने स्वतःचं मूल्यांकन प्रसिद्ध केलं. ते करणाऱ्यांत प्रसाद होते, तसेच अभियंते होते, शेतीतले जाणकार होते, अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांनी जंगल किती सुंदर आहे एवढंच लिहिलं नाही. वीज किती लागणार, कुणाला मिळणार, दुसरीकडून मिळू शकते का, हेही मांडलं. म्हणजे सरकार ज्या आकड्यांवर उभं होतं त्याच आकड्यांवर जाऊन वाद घातला. १९८३ मध्ये प्रकल्प सोडला गेला, पुढच्या वर्षी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. पंतप्रधानांचा कौल, सलीम अलींसारख्यांचा शब्द, हे सगळं त्यात होतंच. पण गावोगावच्या सभांत बोलणाऱ्यांच्या हातात वाचता येईल असा कागद होता, आणि तो लिहिणारे समोर प्रश्न घ्यायला उभे होते.

चळवळीला तज्ज्ञ लागतात. हे आमच्या माणसांनाही ऐकवायला हवं, म्हणून इथेच लिहितो. सुनावणीत कुणीतरी उठून, प्रकल्प आला की जिल्ह्यात आंब्याला मोहोरच येणार नाही, असं छातीठोक सांगतो. टाळ्या पडतात. आणि काकींचं नेमकं वाक्य गाळणारं कार्यवृत्त हे वाक्य मात्र जसंच्या तसं उतरवतं, कारण ते खोडणं सोपं असतं. आम्हाला आमच्या नोंदी ठेवायला हव्यात, फोटोवर तारीख हवी, वनस्पती ओळखता आली नाही तर ओळखता आली नाही असं लिहायला हवं. भुताच्या गोष्टींनी सडा वाचत नाही. मोलेचं जंगल वाचवायच्या वेळी गोव्यातल्या तरुणांनी हे करून दाखवलं. संशोधक, विद्यार्थी, चित्रकार, वकील यांनी रेल्वे, महामार्ग आणि वीजवाहिनी या तिन्ही प्रकल्पांचे अहवाल बारकाईने वाचले, चुका काढल्या, त्या लोकांना समजतील अशा चित्रांत मांडल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीसमोर नेल्या. २०२२ च्या मे मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

आणि सड्याबद्दल बोलायचं तर कातळशिल्पं आहेतच. आज नऊ ठिकाणं, त्यातली सात रत्नागिरी जिल्ह्यातली, युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ पासून आहेत. बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी ही नावं आता जगाला माहीत झाली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सुट्टीच्या दिवसांत सडे तुडवले, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारलं, सापडलेलं मोजलं, नोंदवलं. रिसबूड पेशाने अभियंता. हजाराहून अधिक चित्रं अशी उजेडात आली. पुरातत्त्व खातं नंतर आलं, आणि आलं ते बरं झालं. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं आणि लोक आडवे गेले, तेव्हा 'तिथे कातळाशिवाय आहे काय' असं विचारणाऱ्यांना उत्तर देता आलं, ते या कामामुळे. ज्या जमिनीबद्दल शासनाच्या दप्तरात पोटखराब यापलीकडे नोंद नव्हती, तिच्याबद्दल आधी कळलं ते गुराख्याला, मग हौशी माणसाला, आणि शेवटी तज्ज्ञाला. तिघांचीही गरज होती.

तुमच्या बाजूच्या एका तज्ज्ञ गटाने हे फार पूर्वी ओळखलं होतं. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांचा विचार तिच्याकडे खास सोपवलेला होता. हा अहवाल ग्रामसभांपुढे न्या, त्यांचं म्हणणं घेऊन सीमा ठरवा, असं त्यात होतं. झालं असं, की लोकांपुढे न्यायचा अहवाल लोकांना दिलाच गेला नाही. माहिती आयोग आणि न्यायालय यांनी बजावल्यावर २०१२ च्या मे मध्ये तो संकेतस्थळावर आला, तोवर गावागावांत 'गाडगीळ आले तर घराचा चिराही काढता येणार नाही' हे पोचलं होतं. त्यानंतर दुसरी समिती, मग एकामागून एक मसुदे, सहावा २०२४ च्या जुलैमध्ये. तज्ज्ञ सोयीचं बोलले की त्यांचा शब्द अंतिम, गैरसोयीचं बोलले की त्यांच्यावर दुसरे तज्ज्ञ. तुमच्याही शब्दाची किंमत अशीच ठरते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. सुनावणीनंतर मला विद्यापीठांतून फोन येतात. सर, तुमचं बरोबर आहे, फक्त आमचं नाव नको. त्यांची अडचण मी समजू शकतो. पण समितीवर बसलेल्या माणसाचं नाव तर कार्यवृत्तात छापलेलंच असतं, त्याला कसली भीती?

मागण्या अशा.

जांभ्याच्या सड्यांवरील कोणत्याही प्रकल्पासाठी वनस्पती, प्राणी आणि झरे यांचा अभ्यास जून ते ऑक्टोबर या काळात झालाच पाहिजे. 'पावसाळा वगळून' ही अट हवेपुरती ठेवा. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. कार्यकक्षा तुम्हीच सुचवता, त्यात एक ओळ बदलायची आहे.

अहवालात प्रत्यक्ष फिरलेल्या माणसाचं नाव, त्याची पात्रता, फिरल्याच्या तारखा आणि मार्ग द्या. यादीतल्या प्रत्येक वनस्पतीमागे फोटो किंवा वाळवलेला नमुना असावा, आणि तो मागेल त्याला बघता यावा.

लेखी आलेल्या प्रत्येक तपशीलवार आक्षेपाला स्वतंत्र उत्तर मिळावं. ते उत्तर समितीला पटलं की नाही, आणि का, हे कार्यवृत्तात यावं. अनेकांची निवेदनं 'चिंता' या एका शब्दात गोळा करून आलेलं कार्यवृत्त परत पाठवा.

स्थानिकांची यादी आणि सल्लागाराची यादी यांत फरक पडला तर तिसऱ्याकडून तपासणी करून घ्या. ही माणसं जवळच्या महाविद्यालयांत, विद्यापीठात आहेत. त्यांचा खर्च प्रकल्पधारकाने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे भरावा, निवड मात्र त्याच्याकडे नसावी. तपासणीत आमची यादी चुकीची ठरली, तर तसंही छापा.

पूर्ण अहवाल मराठीत, सुनावणीच्या तीस दिवस आधी, बाधित गावांच्या ग्रामपंचायतीत. नकाशे आणि तक्त्यांसकट.

अभ्यास बाकी असेल तर निर्णय बाकी ठेवा. अभ्यासाची अट घालून परवानगी देणं थांबवा.

या पत्राचं उत्तर मला वेगळं पाठवण्याची गरज नाही. सड्यावरच्या पुढच्या प्रकल्पाचा विषय तुमच्या बैठकीत येईल तेव्हा सर्वेक्षण कोणत्या महिन्यांत झालं हे विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते कार्यवृत्तात लिहा. कार्यवृत्तं सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर येतात. आम्ही ती वाचतो.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
जिल्हा रत्नागिरी